पोरांच्या हाताला काम होतं

चैत्र लागला की अमरावती नदीचं पात्र कोरडं पडायचं आणि दोंडाईच्याच्या पोरांना काम मिळायचं ते झिरे खोदायचं. हातांनी वाळू उपसत कोपरापर्यंत खाली गेलं की ओल लागायची, मग गढूळ पाणी. तेच हंड्यात भरायला घेतलं की आमची मोठी माय हात धरायची. पहिलं पाणी वाटीने काढून टाकायचं, थांबायचं, निवळलेलं भरायचं. शेजारी दुसऱ्यांचा झिरा असेल तर आपला फार खोल न्यायचा नाही, त्यांचं पाणी ओढलं जातं. जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं एकच असतं, हे आम्हाला असं कळलं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, घागरीवर ठेवायचं डांगर, म्हणजे खरबूज, तापीच्या वाळूतल्या वाडीतून यायचं. आता सारंगखेड्याला, प्रकाशाला बॅरेज झाली, पाणी अडलं, वाळू बुडाली. त्याने शेती भिजते, हे चांगलंच झालं. पण गाडीवरून घेतलेलं डांगर कुठल्या मातीतलं, हे पोरांना ठाऊक नसतं आणि सांगणारंही घरात कुणी उरलेलं नाही.

बियाण्याचंही तेच. ज्वारीची मळणी होण्याआधी खळ्यावर आम्हाला कणसं निवडायला बसवत. टोकापर्यंत दाणा भरलेलं, कीड नसलेलं कणीस तेवढं बाजूला. मोठी माय एकेक फिरवून बघायची आणि निम्मी परत ढिगात टाकायची. निवडलेलं बी राख आणि कडुनिंबाचा पाला घालून ठेवायचे. पुढे संकरित वाण आले, २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. आज बी पाकिटातून येतं आणि त्या नजरेची कुणाला गरज उरली नाही.

आजच्या मुलांना माहिती आमच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. तिसरीपासून परिसर अभ्यास आहे. पर्यावरणाचं शिक्षण सक्तीचं करा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच सांगितलं. हे सगळं हवंच. मला खुपतं ते एवढंच की त्यांच्यावर कुणी काम सोपवत नाही. प्रकल्पवही भरते, गुण मिळतात, विषय संपतो.

न्यायालयाने ते सांगितलं त्याच सुमारास आपल्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात चैत्राम पवारांनी गावाला बरोबर घेऊन उजाड जंगल राखायला घेतलं. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्याहून मोठी वाटते ती तिथली वनभाज्यांची पाककला स्पर्धा, २००४ पासूनची. भाजी कुठे उगवते, कधी खुडायची, किती मागे ठेवायची, हे ठाऊक असल्याशिवाय तिथे ताट मांडता येत नाही. आईबरोबर रानात गेलेली पोर ते पाठ न करता शिकते.

दोंडाईच्यात जंगल नाही, पण विहिरी आहेत. प्रत्येक शाळेने एक विहीर घ्यावी. मार्गशीर्षात आणि वैशाखात मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली मुलांनी दोरीला दगड बांधून पाणी मोजावं, आकडा तारखेसह लिहावा आणि दहावीच्या वर्गाने जाताना ती वही नववीच्या हातात द्यावी.