स्थिर प्रवाह आणि कोरडी जमीन

नवी मुंबईच्या पनवेल बाजूस पाऊस इतका पडतो कीं, येथें पाण्याची टंचाई होईल हें नवख्या मनुष्यास खरें वाटणार नाहीं. परंतु आपल्या पायांखालीं काळा बेसाल्ट आहे. अखंड दगडांत पाणी शिरत नाहीं. तें भेगांत व झिजलेल्या थरांत सांठतें. माझ्या मामांच्या शेतांत विंधनविहीर कोठें घ्यावी, हा म्हणूनच त्यांच्या पैशाचा आणि घरच्या पाण्याचा प्रश्न होता.

हा प्रश्न जमिनीस विजेच्या द्वारें विचारतां येतो. १९१२ सालीं फ्रान्समध्यें कॉन्राड श्लुंबर्जे यांनीं जमिनीत वीज सोडून भूगर्भाचा शोध घेण्याचे प्रयोग केले. आज आपण चार खुंट्या एका ओळींत ठोकतों, बाहेरच्या दोहोंतून प्रवाह सोडतों व आंतल्या दोहोंमधील दाब मोजतों. दाबास प्रवाहानें भागून आणि अंतराचा हिशेब धरून जमिनीचा रोध कळतो. ओला, भेगाळ दगड कमी रोध दाखवितो. कोरडा व अखंड दगड अधिक.

याकरितां मीं एक लहान स्थिर-प्रवाह यंत्र तयार केलें. त्याची युक्ति सोपी आहे. प्रवाहाच्या मार्गांत १०० ओहमचा रोधक ठेविला. त्यांतून १० मिलिअँपिअर गेले म्हणजे त्यावर १ व्होल्ट दाब पडतो. ऑप-अँप हा दाब ठराविक १ व्होल्टाशीं सतत ताडून पाहतो आणि फरक दिसतांच ट्रान्झिस्टरकडून प्रवाह कमी-अधिक करवितो.

खरी अडचण पुढेंच आहे. उन्हानें तापलेल्या मुरमांत खुंटीचा मातीशीं स्पर्शच नीट होत नाहीं. मार्गाचा रोध २०,००० ओहम झाला, तर १० मिलिअँपिअरकरितां २०० व्होल्ट हवेत. माझ्या यंत्रांत ९० च होते. तेवढ्यांत प्रवाह साडेचार मिलिअँपिअरांवरच थांबतो. अशा वेळीं लिहिणारा १० चाच आंकडा धरून बसला, तर रोध निम्म्याहून कमी भासेल, आणि जेथें कोरडा दगड आहे तेथें पाणी दिसेल!

दाब वाढवावा, असें सहज मनांत येतें. पण तो जिवावर बेतूं शकतो. ९० व्होल्टांसही आम्हीं कोणास खुंटीजवळ जाऊं दिलें नाहीं. त्याऐवजीं बाहेरच्या खुंट्यांभोंवतीं मिठाचें पाणी ओतलें. रोध ५,००० ओहमवर आला म्हणजे ५० व्होल्ट पुरतात. शिवाय यंत्रास एक तांबडा दिवा जोडला. प्रवाह ठरल्या मापाहून ढळला कीं तो लागतो.

मित्रहो, कमी रोध म्हणजे गोडें पाणीच, असेंही नव्हे. खाडीलगतचें खारें पाणी व चिकणमातीही तसाच आंकडा देतात. म्हणून मामांस मीं पाण्याचें वचन दिलें नाहीं. ज्या जागीं दिवा लागला नव्हता, तेथलेच आंकडे त्यांच्या हातीं दिले. ज्या यंत्रास आपली शक्ति संपल्याचें सांगतां येतें, त्याच्याच शब्दावर गरिबानें आपले पैसे लावावे.