शक्ती, काका आणि सदुसष्ट मिलिसेकंद

बरेच दिवस यावर लिहीन लिहीन म्हणत होतो, आज शनिवार सत्कारणी लावतो. आधीच सांगून टाकतो, मी संगीतातला जाणकार वगैरे अजिबात नाही. राग ओळखायला सांगितलात तर यमन आणि भैरवीपाशी माझी गाडी थांबते. पण ऐकतो मात्र भरपूर. घरून काम करण्याचा हा एक फायदा, दिवसभर कानात काही ना काही चालू असतं.

तर विषय असा. 2023 च्या जूनमध्ये 'शक्ती' या बँडचा 'धिस मोमेंट' नावाचा अल्बम आला. गिटारवर जॉन मॅक्लॉफ्लिन, वय वर्षं 81. तबल्यावर झाकिर हुसेन. गायला शंकर महादेवन, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन आणि कंजिरा-घटम-मृदंगम सांभाळायला सेल्वगणेश. स्टुडिओत बसून केलेला 'शक्ती'चा अल्बम तब्बल पंचेचाळीस वर्षांहून जास्त काळाने आला होता. आमच्या ओळखीपाळखीत त्यावर तीन मतं पडली, आणि तिन्ही बाजू आजतागायत एक इंचही हटलेल्या नाहीत.

पहिलं मत राजारामपुरीतल्या आमच्या शेजारच्या काकांचं. बँकेतून निवृत्त झालेले, घरात कॅसेटींचं कपाट, आणि त्या कपाटाला हात लावायची परवानगी फक्त त्यांना. मी त्यांना हेडफोन दिला. त्यांनी डोळे मिटून दोन रचना ऐकल्या, हेडफोन काढून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "इस्त्री केल्यासारखं वाजवलंय रे. कुठं एक सुरकुती नाही."

दुसरं मत कॉलेजातल्या मित्राचं. हा गॅदरिंगला ड्रम बडवायचा, आता शिरोलीला फौंड्रीत आहे. त्याचा मेसेज: "भावा, लय भारी! प्रत्येक वाद्य सुटं ऐकू येतंय. नाद खुळा!"

तिसरं मत पुण्याच्या ऑफिसातल्या सहकारिणीचं. ती लहानपणी कर्नाटक संगीत शिकलेली, त्यामुळे आम्ही तिच्यासमोर जरा जपून बोलतो. तिचं म्हणणं, "गाणी जास्त झालीत. एवढा मोठा गिटारवाला घ्यायचा आणि त्याला कडव्यांच्या मधल्या जागेत बसवायचं?"

गंमत म्हणजे हा अल्बम ऐकलेल्या कुणालाही विचारा, या तीनपैकीच काहीतरी ऐकायला मिळतं. माझ्या मताकडे येतो, पण आधी थोडा इतिहास.

मॅक्लॉफ्लिन हा इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. 1969-70 च्या सुमारास माइल्स डेव्हिसच्या रेकॉर्ड्सवर वाजवला, 1971 मध्ये 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' काढला. जॅझची बुद्धी आणि रॉकचा आवाज असं ते प्रकरण होतं. ते ऐन भरात असताना हा पठ्ठ्या इलेक्ट्रिक गिटार बाजूला ठेवून भारतीय वादकांबरोबर जमिनीवर मांडी घालून बसला! झाकिर हुसेन, व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विक्कू विनायकराम (आत्ताच्या सेल्वगणेशचे वडील). 1976 साली 'शक्ती'चा पहिला अल्बम निघाला, तो होता 1975 मधल्या एका मैफलीचं रेकॉर्डिंग. त्यात रचना किती? फक्त तीन. एक अठरा मिनिटांची, एक पाचेक मिनिटांची आणि एक जवळजवळ अर्ध्या तासाची. काकांची सगळ्यात जपलेली कॅसेट ती हीच.

आता 'धिस मोमेंट' बघा. आठ रचना, आणि एकही अठरा मिनिटांच्या आसपास जात नाही. रॉकवाले ज्याला जॅम म्हणतात, म्हणजे काय वाजवायचं ते वाजवता वाजवता ठरवणं, त्याला इथे जागाच कमी. काकांची तक्रार मुळात ही आहे.

कोल्हापूरच्या माणसाला जॅम म्हणजे काय हे समजावून सांगायला लागत नाही. शब्द नवा असेल, गोष्ट जुनी आहे. उपज, सवाल-जवाब, समेवर पडलेली दाद. शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब होते, त्यांची जयपूर-अत्रौली गायकी या गावात रुजली. खाँसाहेब 1946 साली गेले आणि त्यांच्या गाण्याचं एकही रेकॉर्डिंग मागे राहिलेलं नाही. जे समोर बसले त्यांनी ऐकलं, बाकीच्यांनी त्यांच्या शिष्यांकडून अंदाज बांधायचा. अशा गावात रेकॉर्डिंगकडे थोडं संशयाने बघणारी माणसं असणारच. काका त्याच पठडीतले. "खरं गाणं खोलीत असतं, डबीत नसतं," हे त्यांचं लाडकं वाक्य.

पण त्याच खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर. त्यांच्या जुन्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या, कारण 78 आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. मैफलीत तासभर उलगडणारा राग साडेतीन मिनिटांत बसवायचा म्हणजे काय गायचं आणि काय गाळायचं हे आधीच ठरवायला हवं. त्यातलीच एक भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अवकाशात गेली. ती मैफल नव्हे हे खरंच, पण म्हणून तिला कुणी खोटी म्हणत नाही. तबकडीसाठी गाणं हे वेगळं काम आहे आणि केसरबाईंनी ते चोख केलं, एवढंच आपण म्हणतो.

आता माझ्या धंद्यातला मुद्दा. 'धिस मोमेंट' तयार झाला कोविडच्या काळात. मॅक्लॉफ्लिन मोनॅकोत, झाकिरभाई कॅलिफोर्नियात, बाकी मंडळी भारतात. प्रत्येकाने आपापल्या जागी वाजवून फाइल्स एकमेकांना पाठवल्या. तुम्ही म्हणाल, मग व्हिडिओ कॉल लावून एकत्र का नाही वाजवलं? मीटिंगा नाही का आपण करत?

जरा गणित करू. हवेतून आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणजे समोर दोन मीटरवर बसलेल्या वादकाची थाप आपल्या कानावर सहा मिलिसेकंदांत पोचते. हा उशीर पंचवीस-तीस मिलिसेकंदांपर्यंत चालून जातो, त्यापुढे लय ओढल्यासारखी वाटायला लागते. आता मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सरळ रेषेत अंदाजे साडेतेरा हजार किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. भागाकार केला की येतात सदुसष्ट मिलिसेकंद, आणि तेही फक्त जायचे. ही झाली आदर्श परिस्थिती. प्रत्यक्षात केबल समुद्राखालून वळसे घेत जाते, वाटेत राउटर असतात, बफर असतात.

द्रुत लयीत सेकंदाला दहा बोल वाजतायत असं धरा. दोन बोलांतलं अंतर शंभर मिलिसेकंद. झाकिरभाईंचा सवाल मुंबईत पोचायला सदुसष्ट आणि मुंबईचा जवाब परत जायला सदुसष्ट. म्हणजे जवाब येईपर्यंत पुढचा बोल वाजूनसुद्धा झालेला असणार. सर्व्हर कितीही भारीतला घ्या, प्रकाशाचा वेग काही वाढत नाही. थोडक्यात काय, हा अल्बम थरावर थर रचूनच होणार होता. आपल्या भाषेत सांगायचं तर सिंक्रोनस सिस्टीम शक्यच नव्हती, त्यांनी असिंक्रोनस बांधली.

आणि असिंक्रोनस म्हटलं की स्वभाव बदलतो. चॅटवरचं बोलणं आणि ईमेलवरचं बोलणं यात फरक असतोच ना? ईमेल लिहिताना माणूस वाक्य खोडतो, सुधारतो, परत वाचतो. मैफलीत थाप पडली की पडली. काकांना जी इस्त्री दिसली ती इथून आली. मित्राला जो सुटेपणा आवडला तोही इथूनच. आणि सहकारिणीला खटकलेली गाणी? समोरासमोर बसून एकमेकांना चिमटे काढता येत नसतील, तर सगळ्यांना धरून ठेवायला पक्की चाल लागते. तिघांनीही एकच गोष्ट ऐकली, नावं तीन दिली.

(शंकर महादेवन कॉम्प्युटर इंजिनिअर आहेत आणि गाण्यासाठी त्यांनी सॉफ्टवेअरची नोकरी सोडली हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असेलच. श्रीनिवास खळ्यांचे शिष्य, 'कट्यार'मधले पंडितजी. आमच्या क्षेत्राने जगाला दिलेली ही सर्वात मोठी देणगी! :) )

तर माझं मत. मला हा अल्बम आवडतो, पण 1976 च्या रेकॉर्डइतका नाही. पहिली रचना 'श्रीनीज ड्रीम' ही 2014 साली वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी गेलेल्या मँडोलिनवादक यू. श्रीनिवासच्या नावाची. तिची बांधणी मी किती वेळा ऐकली असेल देव जाणे. तालाचे तुकडे इतके नेमके एकमेकांत बसतात की कंपायलरने एकही वॉर्निंग देऊ नये. पण 1976 चं रेकॉर्ड ऐकताना पुढे काय होणार या विचाराने मी पुढे सरकून बसतो. 'धिस मोमेंट' ऐकताना मी मागे टेकून बसतो. फरक आहे तो एवढाच, आणि माझ्या लेखी मोठा आहे.

हे मत मी अल्बम आल्यावर पंधरा दिवसांतच मित्रांपाशी मांडलं होतं. पुढे 4 फेब्रुवारी 2024 ला अल्बमला ग्रॅमी मिळालं. झाकिरभाईंना त्या एका रात्रीत तीन. मित्राने मला फोन करून यथेच्छ ऐकवलं. मी म्हटलं, अभिनंदन, माझं मत तेच.

आणि मग 15 डिसेंबर 2024. झाकिर हुसेन गेले. वय 73.

दुसऱ्या दिवशी जो तो 'धिस मोमेंट'ला अजोड म्हणायला लागला. ज्यांनी कधी एक रचना पुरती ऐकली नव्हती तेही. मला काही सुचेना. मित्राने विचारलं, "आता तरी मत बदलशील का नाही?" प्रश्न बोचरा होता. माणूस गेला, आता पुढचा अल्बम नाही. आपण अजून 'थोडं कमी आवडलं' म्हणत बसायचं?

बरेच दिवस विचार केला आणि मत बदललं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर समोरच्याचं नीट ऐकून मग उत्तर दिलं, त्याचं आपण न ऐकताच वाहवा करायची? तसं केलं तर त्याचा अल्बम हार घातलेल्या फोटोसारखा होतो. फोटोला नमस्कार करतात, त्याच्याशी वाद कुणी घालत नाही. मला झाकिरभाईंच्या तबल्याशी अजून वाद घालायचाय. मित्राला हे पटलं नाही. पटायलाच हवं असंही नाही.

2025 मध्ये 'माइंड एक्सप्लोजन' आला, पन्नास वर्षांच्या निमित्ताने 2023 मध्ये केलेल्या दौऱ्यातलं लाइव्ह रेकॉर्डिंग. तीच पाच माणसं, पण या वेळी एकाच रंगमंचावर, सहा-सात मिलिसेकंदांच्या अंतरावर. मी तो काकांकडे नेला. सुरुवातीचा चेहरा नेहमीचाच, "बघू आण" असा. मग तबला आणि कंजिऱ्याची झुंज सुरू झाली, तशी त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर चालायला लागली. संपल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हां. हे खोलीतलं आहे." आणि जरा थांबून, "ते आधीचं पण एकदा लाव बघू परत."

मी लावलं. या वेळी त्यांनी आठही रचना ऐकल्या. मत बदललं का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

मला एवढंच कळतं, की 81 व्या वर्षी मॅक्लॉफ्लिनला परत 1976 सारखं वाजवायला सांगणं हे त्या माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे. चालू बँड सोडून मांडी घालून बसला तेव्हाही जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली असणारच. तो नवीन काही करणार आणि आपण कुरकुर करणार, हा करार जुना आहे. कुरकुर जरूर करावी, फक्त पूर्ण ऐकून करावी.

तेव्हा या रविवारी जमलं तर तिन्ही ओळीने ऐका. आधी 1976, मग 'धिस मोमेंट', मग 'माइंड एक्सप्लोजन'. बरोबर मिसळ असेल तर उत्तम. आणि तुमचं चौथं मत निघालं तर मला जरूर सांगा, काकांना कळवतो.