पातळ नळीची पकड

साकीनाक्याच्या गाळ्यात आज दिवसभर लेथवर ॲल्युमिनियमच्या नळ्या होत्या. बाहेरचा व्यास 60 मिलिमीटर, भिंत जेमतेम दीड. अशा कामात टूलपेक्षा पकडीचाच विचार जास्त करावा लागतो.

तीन जॉच्या चकने नळी आवळली की ती तीन ठिकाणी आत दबते. तशीच बोअर केली तर चकमध्ये डायलची सुई हलत नाही, सगळं गोल वाटतं. जॉ सैल केले की दबलेली भिंत मूळ जागी परत येते आणि भोक तिकोनी होतं. त्यातही दोन टोकांचा मायक्रोमीटर हा तिकोनीपणा पकडत नाही, सगळीकडे सारखंच माप दाखवतो! मला ही गोष्ट आजही थक्क करते. त्यासाठी तीन टोकांचं बोअर गेजच हवं.

उपाय म्हणजे नळीच्याच मापाला बोअर केलेले रुंद सॉफ्ट जॉ. दाब जवळजवळ सगळ्या परिघावर वाटला जातो. बाहेरून टर्निंग असेल तर आत मँड्रेल. बोअर करताना भिंत किणकिणायला लागली, की सायकलच्या ट्यूबची पट्टी बाहेरून घट्ट गुंडाळायची. आवाज बसतो, फिनिशही सुधारतं. जमेल तिथे दोन्ही टोकांवरून लांबीतच दाबून धरावं, हे माझं ठाम मत.

फारच पातळ नळीत वुड्स मेटल ओततात. ते 70 अंशांच्या आसपास वितळतं, काम झालं की गरम पाण्यात निघतं. पण त्यात शिसं आणि कॅडमियम असतं. बंद गाळ्यात ते कृपा करून वितळवू नका.