अनवाणी पायाचा वकील

बुटात गादी घालून चालणारा माणूस चौलच्या रस्त्यावर दिसला की तो शनिवार-रविवारचा मुंबईकर पाहुणा, असं माझं पक्कं मत होतं. इथली माणसं सुपारीच्या वाडीत अनवाणी वावरणारी. भोवाळ्याच्या दत्ताच्या पायऱ्या म्हाताऱ्या बायका चपला खाली ठेवून चढतात. मी शाळेत पी.टी.चा मास्तर होतो, आणि बूट नाहीत म्हणून कुठल्या पोराला कधी मैदानाबाहेर बसवलं नाही. "सर, ह्याचा पाय सपाट आहे, आधाराचे बूट घ्यायला सांगितलेत," असं म्हणत एखादी आई आली की मी त्या पोराला चवड्यांवर उभं करायचो. टाचा उचलल्यावर तळव्याची कमान उमटली आणि पाय दुखत नसला, की माझा निकाल तयार: पैसे वाचले, घरी जा.

ह्या निकालाला आधारही भक्कम होता. मणिपालच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ साली निष्कर्ष छापले. पायात काही घालणाऱ्या मुलांमध्ये सपाट पाय ८.६ टक्के, अनवाणी मुलांमध्ये २.८ टक्के. पुढून बंद बूट घालणाऱ्यांत सगळ्यांत जास्त. आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरचा अभ्यास, आणि निकाल माझ्या बाजूचा! मी तो ज्याला त्याला ऐकवत असे. आजही ऐकवतो. लहान मुलाचा लवचीक, न दुखणारा सपाट पाय हा आजार नाही, आणि त्यासाठी महागडे बूट विकणाऱ्यांवरचा माझा राग तसूभरही कमी झालेला नाही.

माझं मत फिरलं ते मोठ्या माणसांच्या पायांबद्दल.

आमच्या आळीत मासळी घेऊन येणाऱ्या एक वहिनी आहेत, पन्नाशीच्या पुढच्या. त्या पाठमोऱ्या चालत असताना सहज नजर गेली. डाव्या पायाची बाहेरून फक्त करंगळी दिसत होती. उजव्याची मात्र तीन बोटं बाहेर डोकावत होती. टाच आत कललेली, उजवी चप्पल आतल्या कडेनं पार झिजलेली. मी त्यांना भिंतीला हात लावून एकेका पायावर टाच उचलायला सांगितलं. डाव्यावर उचलली गेली. उजव्यावर त्या नुसत्याच पुढे झुकल्या, टाच जमिनीला चिकटलेली. "वर्ष झालं भाऊ, घोटा सुजतोय. तेल लावते," म्हणाल्या.

अलिबागच्या अस्थितज्ज्ञांनी समजावलं ते असं. पोटरीतून निघून आतल्या घोट्यामागून तळव्याकडे जाणारी एक स्नायूची दोरी कमान उचलून धरते. चाळिशीनंतर, विशेषतः बायकांमध्ये, ती झिजून सैल पडू शकते. पाय लवचीक आहे तोवर आतून टेकू देणारा आधार आणि व्यायाम यांवर पुष्कळदा भागतं. सांधे ताठरले की गोष्ट शस्त्रक्रियेपर्यंत जाते. पाय जन्माचा सपाट असणं वेगळं आणि चाळिशीनंतर सपाट होत जाणं वेगळं, तेही एकाच बाजूनं. हा फरक मी मुलांच्या रांगेत शिकलो नव्हतो, कारण तिथे तो दिसतच नाही.

टाचदुखीवाल्यांना मात्र मी अजून थोडं थांबवतो. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते आणि चार पावलं चालल्यावर ओसरते, ही तक्रार घरोघरी आहे. क्ष-किरणात "हाड वाढलंय" दिसलं म्हणून घाबरू नये. तसं हाड असलेल्या कितीतरी जणांची टाच दुखतच नाही. ऑस्ट्रेलियातल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मापानं बनवलेली गादी तयार गादीपेक्षा सरस ठरली नाही, आणि वर्षाअखेरीस दोन्हींचा फायदा दिसेनासा झाला. पोटरी ताणण्याचा व्यायाम, नरम चप्पल, साधी गादी, आणि थोडा धीर. काही महिन्यांत उतार पडला नाही, तर पुढची पायरी.

पण माझ्या वकिलीला खरा सुरुंग लावला तो काकांच्या खिळ्यानं. काकांना मधुमेह जुना. संध्याकाळी ओट्यावर चप्पल काढली तर तळव्याला रक्त. चप्पल उलटी केली, तर तळातून वर आलेलं खिळ्याचं टोक. दिवसभर ते त्यावर चालले होते आणि त्यांना पत्ताच नव्हता. माझी आयुष्यभराची कसोटी एकच होती: दुखत नाही ना? मग चाल. काकांच्या पायापुढे ती कसोटीच उलटी झाली.

वेल्लोरला १९४६ साली आलेल्या पॉल ब्रँड या शल्यविशारदांनी कुष्ठरुग्णांच्या पायांबाबत हेच ओळखलं होतं. पाय आपोआप सडत नाहीत. वेदना नसल्यानं माणूस त्याच जागेवर पुन्हा पुन्हा भार देतो आणि तिथे जखम होते. भार सगळ्या तळव्यावर वाटला जावा म्हणून मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला तिथे घडल्या. सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमात त्या अजून मिळतात. मधुमेही बधिर पायाचं गणित तेच. डॉक्टर दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवतात. तो कळला नाही, किंवा एकाच जागी घट्टा धरत असेल, तर आधाराला उशीर नको. आणि अशा पायाला दुकानातून अंदाजानं आणलेली गादी तर नकोच. तिची टणक कडच नवी जखम करते.

काकांची जखम भरल्यावर मांडव्याहून लाँचनं मुंबई गाठली, हाजीअलीजवळच्या पुनर्वसन संस्थेत माप दिलं. चपला आल्या. काकांची तक्रार एवढीच की त्या दवाखान्यातल्या दिसतात. रेवदंड्याला नेऊन वरचा पट्टा बदलून तपकिरी बसवायचा, असं त्यांनी ठरवलंय. बसवा म्हटलं. शिवून किंवा चिकटवून बसव, खिळा मारू नकोस, हे त्या कारागिराला बजावायला मी बरोबर जाणार आहे.