श्रोत्याची जबाबदारी : दुर्गाबाईंच्या स्मरणाच्या निमित्ताने

दुर्गा भागवत ७ मे २००२ रोजी, वयाच्या ९२व्या वर्षी वारल्या. तेव्हापासून आजतागायत त्यांची आठवण निघाली की एक वाक्य हटकून ऐकू येते : बाई फटकळ होत्या, पण मनाने फार प्रेमळ होत्या. त्यांच्या स्नेह्यांच्या बोलण्यात ते असते आणि ज्यांनी त्यांना कधी पाहिलेही नाही अशांच्या लेखनातही असते. या वाक्यातला ‘पण’ तपासून पाहण्याजोगा आहे. स्पष्टवक्तेपणा हा दोष असून प्रेमळपणाने त्याची भरपाई होत होती, असे हा ‘पण’ सुचवितो. कोकणातल्या वडीलधाऱ्या माणसांना फणसाची उपमा देण्याची जी रीत आहे तिच्यातही हाच तर्क आहे. वरचे काटे टाकून द्यायचे आणि गरे तेवढे खायचे. दुर्गाबाईंच्या बाबतीत हे सोयीचे ठरले. त्यांचे बोलणे ‘स्वभाव’ या सदरात टाकले की त्या बोलण्यातल्या आशयाचे उत्तर देण्याची गरज उरत नाही.

स्वभाव म्हणून जे दाखविले जाते त्याला अर्थातच घराची पार्श्वभूमी होती. त्यांची धाकटी बहीण कमला सोहोनी १९३३ साली बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत संशोधनासाठी गेली, तेव्हा केवळ ती स्त्री आहे म्हणून सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. ती मागे फिरली नाही. रामन यांनी अटी घालून तिला घेतले आणि तिचे काम पाहिल्यानंतर संस्थेचे दार इतर स्त्रियांनाही उघडले. पुढे जीवरसायनशास्त्रात नाव मिळविल्यावरही कमलाबाईंनी त्या अपमानाची आठवण गुळमुळीत केली नाही. या प्रसंगात बोलणाऱ्या मुलीचे धैर्य तर आहेच. पण ऐकणारा बदलला, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे.

ऐकणाऱ्याचा हा विचार दुर्गाबाईंच्या अभ्यासविषयापासून दूरचा नाही. ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ लिहिणाऱ्या अभ्यासकाला हे ठाऊक असते की लोककथा एकट्याने सांगता येत नाही. सांगणाऱ्यासमोर हुंकार देणारा कोणीतरी लागतो. तो हुंकार थांबला की कथा थांबते. त्यांनी ज्या जातककथा पालीतून मराठीत आणल्या, त्यांची तर बांधणीच श्रोत्याला आत ओढून घेणारी आहे. आधी वर्तमानातला एक प्रसंग येतो, बहुधा संघातल्या कोणा भिक्षूचे काही चुकलेले असते. मग अतीताची कथा, मग गाथा, आणि शेवटी ‘समोधान’ : त्या वेळचा अमुक म्हणजे आता समोर बसलेला हा भिक्षू, आणि त्या वेळचा बोधिसत्त्व म्हणजे मीच. इतका वेळ दुसऱ्याची म्हणून ऐकलेली गोष्ट आपलीच होती, हे श्रोत्याला अखेरीस कळते. आणि सांगणाराही कथेबाहेर उभा राहत नाही. दुर्गाबाईंच्या फटकारण्यात पुष्कळदा ही समोधानाची रीत दिसते. त्या साहित्यिकांना भित्रे म्हणत तेव्हा स्वतः साहित्यिकांच्या सभेतच उभ्या असत.

महाभारतातल्या व्यक्तींवर ‘व्यासपर्व’ (१९६२) लिहिणाऱ्या लेखिकेच्या संदर्भात विदुराची आठवण होणे अपरिहार्य आहे. गोड बोलणारे पुष्कळ मिळतात, पण अप्रिय असूनही हितकर असे बोलणारा दुर्मीळ आणि ते ऐकून घेणाराही दुर्मीळ, हे विदुर धृतराष्ट्राला सांगतो. आपल्याकडे या वचनाचा पूर्वार्ध तेवढा मुखोद्गत असतो. बोलणाऱ्याचा गौरव होतो. उत्तरार्ध धृतराष्ट्राविषयी आहे. तो रात्रभर जागून विदुराचे सारे ऐकतो, त्याच्या शहाणपणाला मान डोलावतो, आणि सकाळी करायचे तेच करतो. विदुरावर त्याचे प्रेम नव्हते असे कोण म्हणेल?

या दृष्टीने कराडचा प्रसंग पुन्हा वाचला पाहिजे. आणीबाणी जाहीर होऊन पाच-सहा महिने झाले होते, वृत्तपत्रांवर नियंत्रण होते आणि विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात होते. डिसेंबर १९७५ मध्ये कराड येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी दुर्गाबाई होत्या. कुसुमावती देशपांडे यांच्यानंतर या पदावर आलेल्या त्या दुसऱ्या स्त्री. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण. कराड ही त्यांची कर्मभूमी, आणि केंद्रीय मंत्रिमंडळात ते त्या वेळी परराष्ट्रमंत्री होते. लेखनस्वातंत्र्याविषयी दुर्गाबाई त्या व्यासपीठावरून बोलल्या हे सर्वश्रुत आहे. त्या संमेलनाची जी गोष्ट लोकांच्या स्मरणात घट्ट बसली, ती मात्र भाषणाहून वेगळी आहे. जयप्रकाश नारायण नुकतेच कैदेतून सुटले होते आणि मूत्रपिंडाच्या विकाराने मुंबईच्या जसलोक रुग्णालयात पडून होते. त्यांच्या प्रकृतीला आराम पडावा म्हणून सर्वांनी उभे राहून प्रार्थना करावी, असे दुर्गाबाईंनी सभेला सांगितले.

या कृतीला निषेध म्हणायचे की शुभचिंतन? राजकीय इतिहास तिला निषेध म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. तरीही तिचे व्याकरण पाहिले तर ते एका आजारी वृद्धासाठी आरोग्य मागण्याचे आहे. कोणत्याही मराठी घरात दिवेलागणीला म्हणता येईल असे. कोणाचा अधिक्षेप नाही, कोणाला आव्हान नाही. तरीही त्या क्षणी, त्या यजमानांच्या उपस्थितीत, याहून अधिक स्पष्ट काही बोलता आले नसते. ‘फटकळ पण प्रेमळ’ या सूत्रातला ‘पण’ येथे कोठे घालावा? सर्वांत निर्भीड वाक्य आणि सर्वांत मायेचे वाक्य येथे एकच आहे. शिवाय या कृतीत बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यांवर अधिक भार पडतो. भाषणाला टाळ्या वाजवून मोकळे होता येते. उभे राहण्याची विनंती आली की प्रत्येकाला आपापल्या गुडघ्यांचा निर्णय स्वतःच घ्यावा लागतो. संमेलनाध्यक्षांनी आपले श्रोते त्या मिनिटापुरते तरी कथेच्या आत आणून बसविले होते.

पुढच्या वर्षी, १९७६ मध्ये, त्यांना अटक झाली. तीही मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात, जेथे त्यांच्या वाचनाची कैक वर्षे गेली होती. आणीबाणी संपल्यानंतरही शासनाकडून येणारा सन्मान घ्यायचा नाही हा निश्चय त्यांनी अखेरपर्यंत मोडला नाही. त्याआधी १९७१ साली ‘पैस’साठी साहित्य अकादेमीचा पुरस्कार त्यांनी स्वीकारला होता, हे लक्षात घेतले की हा नकार जन्मजात विक्षिप्तपणाचा नव्हता, अनुभवातून आलेला होता, हे स्पष्ट होते. आपले ऐकून न घेणाऱ्याने आपला सत्कार करू नये, एवढीच त्यामागची भूमिका असावी.

अर्थात दुर्गाबाईंचे प्रत्येक वाक्य प्रमाण मानण्याचे कारण नाही. प्रतिभा रानडे यांच्या ‘ऐसपैस गप्पा : दुर्गाबाईंशी’ या पुस्तकात त्या माणसांविषयी, ग्रंथांविषयी, विवाहापासून मरणापर्यंतच्या साऱ्या विषयांविषयी मोकळेपणी बोलतात, आणि त्यांतले काही अभिप्राय अभ्यासकाच्या तराजूत एका बाजूला कलणारे आहेत. त्या बोलण्याने काही माणसे दुखावली असतील यातही शंका नाही. (त्यांच्याविषयी लिहिणारे हा भाग सहसा गाळतात, फणसाची उपमा तेथेही कामाला येते.) परंतु ते पुस्तक गप्पांचे आहे, निकालपत्र नव्हे. मुलाखतकर्ती तेथे अडवते, पुन्हा विचारते, आणि बाई पुन्हा सांगतात. म्हातारपणी दुर्गाबाईंना अनुयायी नको होते, उलट बोलणारे माणूस हवे होते, हे त्या पानांवरून जाणवते. जिव्हाळ्याची याहून वेगळी व्याख्या त्यांच्या बाबतीत करणे कठीण आहे. समोरच्याला खरे सांगणे म्हणजे तो ते पेलू शकेल असा विश्वास ठेवणे. ज्याच्यावर तो विश्वास नसतो त्याच्याशी माणसे गोड बोलतात.

मग ‘ऋतुचक्र’ (१९५६) आणि ‘खमंग’ यांचे काय करायचे? एक महिन्यामहिन्याने बदलणाऱ्या निसर्गाचे ललित लेखन, दुसरे पाककृतींचे पुस्तक. या दोहोंत स्पष्टवक्तेपणा शोधणे वरकरणी ओढाताणीचे वाटेल. पण ‘ऋतुचक्र’ वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. मराठीत निसर्ग बहुधा भावनेची पार्श्वभूमी म्हणून येतो. दुर्गाबाई झाडाकडे पाहतात ती झाड काय करते आहे हे पाहण्यासाठी. पालवी कोणत्या रंगाची, फूल आधी की पान आधी, ढग कोणत्या महिन्यात कसा. मध्य प्रदेशातील आदिवासी भागात संशोधन करताना झालेली विषबाधा आणि तीनंतरची अंथरुणावरची वर्षे या पाहण्याच्या मागे आहेत. जे आहे त्याला त्याच्या नावाने हाक मारायची, ही सवय झाडापाशी लागली असेल तर ती मंत्र्यापाशी सुटत नाही. फोडणी करपली तर करपली म्हणायचे, हेही त्याच सवयीतले.

विद्यापीठीय अभ्यासात मात्र या बाईंची वाटणी झाली आहे. ‘ऋतुचक्र’ ललित गद्याच्या प्रश्नपत्रिकेत, ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ लोकसाहित्याच्या, ‘व्यासपर्व’ महाभारताच्या आधुनिक वाचनांत, ‘खमंग’ स्वयंपाकघरातल्या फळीवर, आणि कराड आणीबाणीच्या इतिहासात. जातकांच्या अनुवादाकडे वळणारे तर फारच थोडे. ज्या विद्यार्थ्याने समोधानाची रचना कधी पाहिलेली नाही, त्याला कराडच्या त्या सभेत लोकांना उभे राहायला का सांगितले असावे, हा प्रश्न वाङ्मयाच्या तासाला पडतच नाही.