मीठ, गूळ आणि अर्धा शेर पाणी

बांगलादेशाच्या ईशान्येला, मेघालयाच्या डोंगरांच्या पायथ्याशी सुनामगंज जिल्हा आहे. चेरापुंजीला कोसळणारा पाऊस उतरतो तो इकडेच. या खोलगट मुलखाला तिथे ‘हाओर’ म्हणतात. वर्षातले निम्मे महिने शेते, पायवाटा सारे पाण्याखाली असते. मातीचा भराव घालून उंच केलेल्या जागेवर दाटीवाटीने बांधलेली घरे तेवढी बेटांसारखी वर दिसतात. पाणी ओसरले की भाताचे एकच पीक, आणि कापणीच्या तोंडावर डोंगरातून पूर आला तर तेही गेले. पावसाळ्यात दवाखाना असो की शाळा, होडीशिवाय गती नाही.

याच जिल्ह्यातल्या शाल्ला भागात १९७२ साली फजले हसन आबेद आले. ते शेजारच्या हबीगंजचे. शेल कंपनीतली मोठी नोकरी त्यांनी सोडली होती. लंडनमधले स्वतःचे घर विकून आलेल्या पैशातून त्यांनी युद्धात उजाड झालेल्या गावांत मदतकार्य सुरू केले. निर्वासित परतत होते. घरांसाठी बांबू, कोळ्यांसाठी होड्या अशी कामे झाली. त्यातूनच ‘ब्रॅक’ ही संस्था उभी राहिली.

घर बांधून देता येते. पण लेकरू हगवणीने दगावले तर? शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने मूल जाते. ते तोंडाने भरून काढता येतात, हे ढाक्याच्या कॉलरा प्रयोगशाळेत १९६०च्या दशकातच सिद्ध झाले होते. पण पाकिटे गावोगाव पोचवणार कोण? ब्रॅकने घरातलेच जिन्नस घेतले: तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढे मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी.

१९८० पासून गावोगाव पायी आणि होडीने फिरणाऱ्या बाया घरात बसून एकेका आईला शिकवू लागल्या. आई स्वतःच्या हाताने मिश्रण करून दाखवी. महिन्याभराने दुसराच कोणी येऊन त्यातल्या काही घरांत आईची परीक्षा घेई. आईला जितके आठवे, तितका शिकवणारीला पगार! आम्हा शिक्षकांच्या पगाराला हा हिशेब लावला तर आमच्यापैकी कित्येकांची पंचाईत होईल. पण शिकवणे म्हणजे समोरच्याला येणे, ही गोष्ट त्यांनी पगारातच बांधून टाकली.

तरीही अडचण आली. आयांना सारे पाठ होते, पण मूल आजारी पडल्यावर थोड्याच जणी ते देत. शोध घेतल्यावर कळले की शिकवणाऱ्या कित्येक जणींचाच त्यावर भरवसा नव्हता. मग त्यांना हे पाणी शरीरात कसे काम करते ते नीट समजावले गेले. त्या लोकांसमोर स्वतः ते पिऊ लागल्या. घरातल्या पुरुषांनाही तोवर कोणी विश्वासात घेतले नव्हते. मग बाजारात, शाळांत आणि मशिदींत त्यांच्या बैठका झाल्या, आणि वापर वाढला. १९९० पर्यंत एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांत हा धडा पोचला.

शिक्षणाची मागणीही गावातूनच आली. ब्रॅकच्या प्रौढ वर्गांना येणाऱ्या आयांनी विचारले, “आमच्या मुलांचे काय?” १९८५ साली २२ शाळा निघाल्या. एक खोली, तीसेक मुले आणि त्याच गावातली एक बाई शिक्षिका म्हणून. मुलींना प्राधान्य, आणि शाळेची वेळ शेतीची आणि घरची कामे पाहून ठरलेली. पुढे हाओरात ब्रॅकने होड्यांतही वर्ग भरवले. होडीच मुलांना घ्यायला जाते.

आज तिथल्या गावच्या दुकानातही ‘खाबार सॅलाइन’चे पाकीट मिळते. पण पुरात दुकान बुडाले तरी आजीला चिमूट आणि मूठ ठाऊक आहे, आणि तिच्याकडून ती नातीला कळते. हीच सदका-ए-जारिया. रमजानमध्ये आपण धान्य देतो, कपडे देतो. ते द्यायलाच हवे, भूक थांबत नाही. मात्र सदक्याचा थोडा वाटा कोणाला काही शिकवण्यासाठीही काढावा, आणि महिन्याभराने जाऊन विचारावे, “जमते का?”