सदर विवाह खरा आहे

आपल्याकडे लग्न चारचौघांसमोर लागतं आणि एकदा लागलं की त्याचा पुरावा मागायला सहसा कुणी येत नाही. माझ्या लग्नाची नोंदणी तेव्हा कुणी केली नाही. माहेरच्या रेशनकार्डावरून नाव कमी झालं, सासरच्या कार्डावर चढलं आणि सरकारदरबारी संसार सुरू झाला. पुढे बँकेत नाव बदलायची वेळ आली तेव्हा राजपत्राचं एक पान कामी आलं, तेवढंच. हे नातं खरं आहे का, असं कुठल्याही कचेरीने मला विचारलं नाही. एखाद्या भांडणाच्या भरात मीच स्वतःला विचारलं असेल. पण त्याचं उत्तर सहीशिक्क्यानिशी द्यायचं नव्हतं.

भाचीचं लग्न झालं आणि हा प्रश्न फॉर्ममधून घरात आला. जावई मँचेस्टरला, तिथला कायम वास्तव्याचा परवाना मिळालेला. गंमत अशी की तो अजून वर्क व्हिसावर असता, तर ही डिपेंडंट म्हणून गेली असती आणि पगाराची मोठी अट आड आली नसती. तो तिथे स्थिरावला म्हणून हिला स्पाउस व्हिसा, आणि त्याची वाट जास्त चढणीची. दोघं एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेली असावीत, लग्न कायदेशीर असावं, नातं खरं आणि चालू असावं, पुढे एकत्र राहण्याचा इरादा असावा, आणि हे सगळं अर्जदारानेच दाखवून द्यावं, असं तिथला नियम म्हणतो. कागद लावण्याचं काम माझ्याकडे आलं. "मावशी, तुझी हयात बँकेत केवायसी करण्यात गेली," भाची म्हणाली, "आता आमची कर."

दाखला सोपा होता. महाराष्ट्रात १९९८च्या कायद्याप्रमाणे लग्नानंतर नव्वद दिवसांत नोंदणी करायची, सोबत तीन साक्षीदार न्यायचे. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्वच धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करा असं राज्यांना सांगितलं, तेव्हापासून या कागदाचं महत्त्व आणखी वाढलं. पण लग्न झालं एवढंच दाखला सांगतो. खरेपणाच्या रकान्यात काय भरायचं, ते आम्हाला ठरवायचं होतं.

अल्बममध्ये मंगलाष्टकांपासून सूनमुखापर्यंत सगळं होतं. पण एका दिवसाचे शेकडो फोटो एकच दिवस सिद्ध करतात. हवे असतात वेगवेगळ्या दिवसांचे, वेगवेगळ्या माणसांसोबतचे, शक्यतो कुणी मुद्दाम उभं न केलेले. माझ्या मते सगळ्यात भक्कम पुरावा होता आहेराची वही. कुणी पाकीट दिलं, कुणी साडी, कुणी स्टीलचा डबा, सगळं नावानिशी माझ्या बहिणीने लिहून ठेवलेलं. बनावट लग्नात असा हिशेब कुणी ठेवत नाही, कारण तो पुढे फेडायचा नसतो. भाचीने हसून ती वही बाजूला ठेवली.

शेवटी फाइलमध्ये गेले ते केळवणांचे फोटो, विमानाची तिकिटं, व्हिडिओ कॉलच्या नोंदी आणि व्हॉट्सअ‍ॅपचे निवडक उतारे. त्यातलं निम्मं बोलणं "पोचलो", "जेवलीस का", "आईंना बीपीची गोळी घ्यायला सांग" अशा धर्तीचं. यात प्रेम कुठे दिसतं, म्हणून भाची उतारे बदलायला निघाली. मी बदलू दिले नाहीत. प्रेमाचे उतारे कुणालाही लिहिता येतात. बीपीच्या गोळीची आठवण करायला खरी सासू असावी लागते.

तरीही अडचण होती, आणि ती आपल्या पद्धतीतच होती. ठरवून केलेल्या लग्नाला फारसा भूतकाळ नसतो. बघण्याचा कार्यक्रम व्हिडिओ कॉलवर, प्रत्यक्ष भेट साखरपुड्याच्या थोडी आधी, पुढे रजा मिळेल तसा मुहूर्त. ठरवून केलेलं लग्न आणि जबरदस्तीचं लग्न यांत तिथलं सरकार फरक करतं आणि पहिल्याला हरकत घेत नाही. पण फाइलचा सगळा घाट मागे वळून पाहणारा: कधी भेटलात, किती काळ ओळखता, कुठे एकत्र राहिलात. आमच्या पोरांचा सगळा ऐवज पुढच्या काळात जमा होणारा.

हा पेच नवा नाही. भारतातून विलायतेला जाणाऱ्या नवराबायकोंकडे तिथल्या सरकारने कसकशा पद्धतीने पुरावा मागितला, ते वाचताना अंगावर काटा येतो. जानेवारी १९७९ मध्ये एक ३५ वर्षांची भारतीय शिक्षिका लग्नासाठी हीथ्रो विमानतळावर उतरली. तीन महिन्यांच्या आत लग्न करणाऱ्या वाग्दत्त वधूला तेव्हा आधी व्हिसा काढावा लागत नसे. ही बाई आधीच विवाहित असेल, या संशयावरून तिची कौमार्य तपासणी करण्यात आली. भारतीय नवरी म्हणजे कुमारिका असणारच, हे त्या अधिकाऱ्यांनी परस्पर धरून चाललेलं गृहीत. 'द गार्डियन'ने बातमी छापल्यावर गदारोळ झाला आणि ही पद्धत बंद झाली. जुन्या सरकारी कागदांतून पुढे उघड झालं की ती एकटी नव्हती; भारतातल्या ब्रिटिश कचेऱ्यांतही बायकांच्या अशा तपासण्या झाल्या होत्या.

त्यानंतर आला हेतूचा नियम. १९८०च्या दशकात परदेशी नवऱ्याला असं सिद्ध करावं लागे की या लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणं हा नाही. एखादा हेतू नव्हता, हे माणूस कसं सिद्ध करणार? स्थळ बघताना आईबाप मुलाची नोकरी, घर, गाव सगळंच बघतात. ते बघितलं की हेतूवर शंका. दक्षिण आशियातल्या ठरवून केलेल्या लग्नांना याची झळ सर्वांत जास्त बसली. पुढे १९८५ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने म्हटलं की ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या पुरुषाला बायको आणणं सोपं आणि बाईला नवरा आणणं अवघड, हा लिंगभेद आहे. सरकारने तो भेद मिटवला, पण कसा, तर हेतूची अट बायकांनाही लावून. समता आली ती अशी. नियम रद्द व्हायला १९९७ उजाडलं.

या सगळ्यात मला एक गोष्ट मोलाची वाटते. १९८०च्याच दशकात इंग्लंडच्या न्यायालयांनी मान्य केलं की लग्नानंतर दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं, मारलेल्या फेऱ्या, दाखवलेली निष्ठा यांवरून लग्नाच्या वेळचा हेतू ताडता येतो. आधी काय होतं, ते नंतरच्या वागण्यावरून कळतं. आपल्या आज्यांना हे न्यायालयाशिवाय माहीत होतं. नवरा कसा आहे, असं नव्या नवरीला त्या विचारत नसत. दोन दिवाळ्या जाऊ देत असत.

हेतू मोजता येत नाही म्हटल्यावर मोजता येण्यासारखं काहीतरी पुढे येतं. ब्रिटनमध्ये ते पैशाच्या रूपाने आलं. २०१२ पासून तिथल्या जोडीदाराचं उत्पन्न वर्षाला किमान १८,६०० पौंड असावं अशी अट झाली. एप्रिल २०२४ मध्ये नव्या अर्जांसाठी ती २९,००० वर गेली. जावयाने पगाराच्या चिठ्ठ्या आणि बँकेची स्टेटमेंट्स पाठवली. भाची पुण्यात त्याच्या तोडीचं काम करते, पण तिचा इथला पगार या हिशेबात शून्य. लग्नात दोघं आणि हिशेबात एकटा तो. शिवाय आरोग्याचा अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, तो आगाऊ. क्षयाची तपासणी. इंग्रजीची परीक्षा, किंवा पदवी इंग्रजी माध्यमातली असल्याचा दाखला. फाइल जाड होत गेली आणि तिच्यातली सगळ्यात काटेकोर पानं पगाराची निघाली.

यावर नाक मुरडण्याआधी मी आमच्याच घरातलं बाड उघडलं. भाचीच्या लग्नाआधी आम्ही काय केलं होतं? पत्रिका जुळवली. छत्तीसपैकी अठरा गुण जमले तर पुढे जायचं, हा आपला शिरस्ता. मुलाचा बायोडेटा, पगाराचा आकडा, घर स्वतःचं की भाड्याचं, मँचेस्टरला ओळखीचं कुणी आहे का, त्याच्याकडून चौकशी. माणूस चांगला आहे का, हा एकच प्रश्न होता. तो विचारायची सोय नव्हती म्हणून आम्ही बाकीचे सगळे विचारले. गोऱ्या अधिकाऱ्याचे २९,००० पौंड आणि आमचे अठरा गुण यांत जात एकच. विश्वास मोजायला माप नसलं की माणसं शेजारची वस्तू मोजतात आणि तिच्यावर शिक्का मारतात.

संशय घेऊच नये, असं मात्र मी म्हणणार नाही. कागदोपत्री लग्नं होतात, पैसे घेऊन होतात. बँकेत मी उभी हयात सह्या पडताळल्या. खोटी सही नसतेच असं मानणारा माणूस त्या टेबलावर चालत नाही. पण त्याच टेबलाने एक शिकवलं. बुडीत निघणाऱ्या कर्जाची फाइल बहुधा सर्वांत नीटनेटकी असते. ज्याला फसवायचं आहे तो प्रत्येक रकाना भरून आणतो. खऱ्या माणसाच्या फाइलीत खाडाखोड असते, एखादी तारीख आठवत नाही, एखादी पावती हरवलेली असते. कडक नियमांनी चोर अडतो की नाही, देव जाणे. साध्या माणसाला मात्र स्वतःचंच आयुष्य खोटं वाटू लागतं. भाची एका रात्री म्हणाली, "मावशी, आम्ही फोटो कमी काढले गं." जणू संसारातच काही उणं राहिलं होतं.

मला जास्त खुपतं ते वेगळंच. एवढ्या पुराव्यांत मुलीच्या बाजूने विचारलेला प्रश्न फार थोडा. परदेशातला मुलगा म्हणून थाटात लग्न लावायचं, आणि नंतर मुलगी इथेच टाकून द्यायची किंवा तिकडे नेऊन पासपोर्ट काढून घ्यायचा, अशा कहाण्या आपल्याकडे गावोगावी आहेत. स्पाउस व्हिसावर गेलेल्या बाईचं तिथलं राहणं नवऱ्याच्या नावाला टांगलेलं असतं. छळामुळे संसार मोडला तर तिला स्वतःच्या हक्काने तिथे राहण्याचा अर्ज करता येतो, ही तरतूद ब्रिटनमध्ये आहे आणि ती चांगली आहे. पण तिथेही छळाचा पुरावा तिनेच द्यायचा. आधी नातं खरं होतं हे दाखवा, मग ते का मोडलं हेही दाखवा.

एक मात्र त्या व्यवस्थेला नकळत उमगलेलं दिसतं. पहिला व्हिसा तेहतीस महिन्यांचा. मग आणखी तीस महिन्यांची मुदतवाढ, आणि पाच वर्षं भरल्यावर कायमचा परवाना. मुदतवाढीच्या वेळी दोघांच्या पत्त्यावर आलेली टपालं मागतात: विजेची बिलं, बँकेची पत्रं, काउन्सिल टॅक्स, डॉक्टरची चिठ्ठी. मला ही दुसरी फाइल पहिलीपेक्षा कितीतरी शहाणी वाटते. पहिली विचारते, लग्न झालं तेव्हा ते खरं होतं का. याचं उत्तर बोहल्यावर उभ्या असलेल्या दोघांनाही ठाऊक नसतं. दुसरी विचारते, ते खरं होत चाललंय का. या प्रश्नाला पावत्या जोडता येतात.

ओळखीच्या माणसाचं एक पत्र जोडावं म्हणून मीही एक लिहिलं. ऑस्ट्रेलियात तर जोडीदाराच्या व्हिसासाठी ओळखीच्या लोकांची अशी निवेदनं रीतसर फॉर्मवर घेतात. ते वाचून मला आपली साक्षीदारांची रीत आठवली होती. 'सदर विवाह खरा आहे' असं वाक्य टाका, असं सगळ्यांनी सुचवलं. मी ते लिहिलं नाही. लग्न कुठे लागलं, मी कुठे उभी होते, मुलगा कितीदा घरी आला, बहिणीच्या आजारपणात त्याने कुणाला फोन करून काय विचारलं, एवढंच लिहिलं. पाहिलेल्यावर सही करायची, मानलेल्यावर नाही, हा टेबलावरचा नियम मला घरीही मोडवला नाही.

व्हिसा आला. बॅग भरताना भाचीने विचारलं, तिकडे गेल्यावर पहिलं काय करू? मी म्हटलं, भाड्याच्या करारावर तुझं नाव घाल. विजेच्या बिलावर घाल, बँकेत खातं उघड. पुढच्या व्हिसाला ते लागेलच. पण त्याआधी कधी भांडण विकोपाला गेलं आणि हे घर कुणाचं, असा प्रश्न निघाला, तर कागद तुझ्या हातात असू दे. पासपोर्टही तुझ्याच कपाटात ठेव. ती म्हणाली, "तो तसा नाहीये गं." मी म्हटलं, नसेलच. म्हणूनच तर आत्ता सांगतेय. चांगल्या माणसाला याचं वाईट वाटत नाही.